नऊ सेकंदांचा प्रस्ताव

नागरिकशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'सार्वजनिक धोरणाचा एक प्रश्न निवडा.' मग हातावरचा खडू झटकत त्या म्हणाल्या, "जगाचं ओझं डोक्यावर घेऊ नका. एका कार्यालयातल्या एका टेबलावर सुटेल एवढाच प्रश्न घ्या. तो मोजा, त्याबद्दलचा नियम शोधा, ते टेबल शोधा आणि काय बदलायला हवं ते एका वाक्यात सांगा. दोन महिने आहेत."

तरी अर्ध्या वर्गाने हवामानबदल घेतला आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी बेरोजगारी. बारकीने तीन दिवस काहीच घेतलं नाही. दोन बहिणींत धाकटी म्हणून ती बारकी. थोरली लग्न होऊन गेली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि उंचीने बापाला मागे टाकल्यावरही सुटलं नाही. तिने वहीत 'कचरा' लिहून खोडलं, कारण बाईंकडे दरवर्षी कचऱ्याचे डझनभर प्रकल्प जमतात हे तिला ठाऊक होतं. मग 'भटकी कुत्री' लिहिलं आणि तेही खोडलं. ती कुत्र्यांना घाबरायची, मोजणार कशी? 'ध्वनिप्रदूषण' खोडताना पानच फाटलं.

तिचा प्रश्न तिला गुरुवारी सकाळी सापडला, आणि तोही घरातूनच.

बाबांची मोठी बहीण, बारकीची आत्या, त्यांच्याकडेच राहायची. लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती. आता त्र्याहत्तरीला आली होती आणि दोन वर्षांपासून डावा पाय ओढत चालायची. तरी रोज सकाळी दहा वाजता ती काठी घेऊन निघायची आणि समोरचा हमरस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीत जायची. तिथे तळमजल्यावर तिची मैत्रीण एकटी राहत होती. एक्स्चेंजमध्ये दोघी सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. घरात सगळे त्या मैत्रिणीला 'समोरची' म्हणायचे.

समोरचीचे कान गेले होते. वर्षानुवर्षं कानाला लावलेल्या हेडफोनने गेले असं आत्या म्हणायची, डॉक्टर वयामुळे म्हणायचे. कसंही असो, फोनवर तिला काहीच ऐकू यायचं नाही. तिच्याशी बोलायचं तर पुढ्यात बसायला लागायचं, ओठ दिसतील असं, आणि उजव्या कानाशी ओरडायला लागायचं. दोघी तासभर ओरडून गप्पा मारत. इमारतीतल्या सगळ्यांना त्यामुळे एक्स्चेंजमधल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या भानगडी तोंडपाठ होत्या.

त्या गुरुवारी बारकीला तास नव्हते, म्हणून ती आत्याबरोबर निघाली. हमरस्त्यावरच्या सिग्नलवरून ती हजारदा गेली असेल, पण नेहमी पळत. आत्याच्या चालीने ती पहिल्यांदाच चालत होती. हिरवा माणूस लागला तशी आत्याने काठी टेकली आणि निघाली. अर्धा रस्ता होतो न होतो तोच हिरवा माणूस लुकलुकायला लागला. पुढच्या चार पावलांत तो लाल झाला. उजवीकडे ट्रकने इंजिन घरघरवलं. एक स्कूटर त्यांच्या पाठीमागून गेली आणि दुसरी अगदी पुढून, आत्याच्या काठीला वारा लागेल इतक्या जवळून. आत्याने गाड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. डावा पंजा वर धरला आणि चालत राहिली.

पलीकडे पोचल्यावर बारकीने वळून रस्त्याकडे बघितलं.

"रोज असंच होतं?" तिने विचारलं.

"रोज. त्यांना घाई असते, मला नसते," आत्या म्हणाली. "जमून जातं."

बारकीने त्याच दिवशी वहीत लिहिलं: 'पादचारी सिग्नलची वेळ.'

मग ती कामाला लागली, आणि एकदा लागली की ती मागे हटणारी नव्हती. बाबा सोफे शिवायचे, त्यांच्याकडे कापडाची लांब टेप होती. रविवारी उजाडताना रस्ता मोकळा असतो तेव्हा बापलेक टेप घेऊन उतरले. "सोफा मोजतो तसाच रस्ता मोजायचा," बाबा पलीकडच्या कडेवरून म्हणाले. "ताणून धर. टेपचं पोट सुटलं की माप खोटं." रस्ता भरला एकवीस मीटर. हिरवा दिवा राहायचा अठरा सेकंद.

पुढचे सहा दिवस कॉलेजच्या आधी ती सिग्नलजवळच्या चाव्या बनवणाऱ्याच्या टपरीशी उभी राहिली. हातात फोनचं स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात वही. रस्त्याच्या पलीकडे इस्पितळाचं फाटक होतं, त्यामुळे म्हातारी माणसं खूप. कोणी तपासणीला, कोणी औषधाला, कोणी आत पडलेल्या आपल्या माणसाला डबा द्यायला. चावीवाल्याला आधी ती गुप्त पोलीस वाटली. दुसऱ्या दिवसापासून तोच तिला हाका मारायला लागला, "ती निळ्या छत्रीवाली बघ, ती नाही पोचत. गेल्या आठवड्यात मधेच बसली होती."

सहा दिवसांत तीनशे चाळीस म्हातारी माणसं मोजून झाली. त्यांतली दोनशे अकरा दिवा लाल झाला तेव्हा रस्त्यातच होती. बासष्ट टक्के. आत्याला लागायचे सव्वीस सेकंद.

नियमांचं पुस्तक मिळवायला तीन आठवडे गेले. शेवटी एका ग्रंथालयाच्या तळघरात ते सापडलं, तेही मागचं पान नसलेलं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर चालतो असं धरायचं, असं त्यात होतं. एकवीस मीटरला साडेसतरा सेकंद, म्हणून अठरा. पण खाली बारीक टाइपात आणखी एक ओळ होती. इस्पितळं, शाळा किंवा वृद्धांची वस्ती जवळ असेल तिथे 'आवश्यकतेनुसार' वेग ऐंशी सेंटिमीटर धरता येईल. बारकीने तिथल्या तिथे हिशोब केला. सत्तावीस सेकंद. म्हणजे फक्त नऊ सेकंद जास्त हवे होते, आणि तेही नियमात बसून. तिला वाटलं, आपण जिंकलो. ग्रंथपालाने तिच्याकडे वळून बघितलं, कारण ती एकटीच हसत होती.

टेबल शोधणं त्याहून अवघड निघालं. वाहतूक पोलीस म्हणाले दिवे आमचे नाहीत. बांधकाम खात्याने रस्ता आमचा पण दिवे नाहीत म्हणून कानावर हात ठेवले. सिग्नल विभाग एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीच्या मागे निघाला. दारातल्या कारकुनाने तिचं म्हणणं ऐकून घेतलं.

"किती सेकंद म्हणालीस?"

"नऊ."

"नऊ सेकंदांसाठी तुझ्या नाकी नऊ येणार बघ," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्याने तिला आत सोडलं.

आत सिग्नलचे इंजिनिअर बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, खांदे पडलेला माणूस. त्यांनी तिची वही उघडली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कोणी आपली वही अशी वाचेल असं तिला वाटलं नव्हतं. मग ते उठले, कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. फाइलमध्ये त्यांचेच तीन प्रस्ताव होते, त्याच सिग्नलचे, तेच सत्तावीस सेकंद मागणारे. पहिल्याला अकरा वर्षं झाली होती.

"मग केलं का नाही?" बारकीने विचारलं.

"नऊ सेकंद हमरस्त्याचे जातात. रांग मागच्या चौकापर्यंत पोचते. त्या चौकातून मोठी माणसं कामावर जातात, ती फोन करतात," इंजिनिअर म्हणाले. "तुझ्या वहीतली निळ्या छत्रीवाली फोन करत नाही."

"माझ्याकडे आकडे आहेत."

"तेच बघतोय. माझ्याकडे नुसतं मत होतं. मोजायला माणूस कधी मिळालाच नाही." त्यांनी वही मिटली. "याची एक प्रत दे. मी चौथ्यांदा पाठवतो. पण वर गेल्यावर त्याचं काय होईल ते माझ्या हातात नाही, एवढं लक्षात ठेव."

तिने प्रत दिली. त्या वेळी ते शेवटचं वाक्य तिला म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली.

प्रकल्प वर्गात पहिला आला. बाईंनी तो सगळ्या कॉलेजांच्या प्रदर्शनात पाठवला. तिथे पाहुणे म्हणून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याने तिच्या तक्त्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि भाषणात सांगितलं, "अशा तरुणांनी आकडे दिले तर कार्यालय हातावर हात धरून बसणार नाही." आई टाळ्या वाजवून दमली. बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं की रस्त्याचं माप त्यांनी स्वतः घेतलंय. दुसऱ्या दिवशी आत्याने पलीकडे जाऊन ही बातमी समोरचीच्या उजव्या कानात ओरडून सांगितली. समोरचीने बारकीला बोलावून घेतलं आणि तिचे दोन्ही हात हातात धरून बसली. "आम्ही लोकांना थांबायला सांगायचो, तीन मिनिटं, पाच मिनिटं," ती म्हणाली. "नऊ सेकंद काय, कोणीही थांबेल." बारकीला त्या वेळी खरंच तसं वाटलं.

पाच आठवड्यांनी, मंगळवारी, आत्या दहाला निघाली आणि दहा मिनिटांत परत आली. दारात उभी राहून म्हणाली, "रस्त्याला कठडा लावतायत."

बारकी धावत खाली गेली. चार कामगार लोखंडी कठड्याचे खांब रोवत होते, दोन्ही कडांना, कंबरेइतके उंच. पांढरे पट्टे खरवडून झाले होते. पादचाऱ्यांचा दिवा काढून फुटपाथवर आडवा ठेवला होता. नवा बोर्ड चकचकीत होता: 'ज्येष्ठ नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी हे क्रॉसिंग बंद करण्यात आले आहे. कृपया पादचारी पुलाचा वापर करावा.'

पूल पाऊण किलोमीटरवर होता. चढायला बावन्न पायऱ्या, उतरायला बावन्न. लिफ्ट होती, तिला कुलूप होतं, आणि कुलपाला गंज.

चावीवाला टपरीतून म्हणाला, "तू मोजत होतीस ते यासाठीच होय?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता.

ती तशीच चौथ्या मजल्यावर गेली. या वेळी कारकुनाने विनोद केला नाही. इंजिनिअरनी आदेशाची प्रत तिच्याकडे सरकवली. एकच परिच्छेद होता. 'विद्यार्थी सर्वेक्षणानुसार सदर ठिकाणी बासष्ट टक्के ज्येष्ठ नागरिक विहित वेळेत रस्ता पार करू शकत नाहीत. सबब सदर क्रॉसिंग धोकादायक ठरत असून ते बंद करणे उचित होईल.'

"पण मी नऊ सेकंद मागितले होते," बारकी म्हणाली.

"मीही तेच लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर आहे." त्यांनी चष्मा काढला. "आकडा त्यांनी बदललेला नाही बघ. आकडा बरोबर आहे. या विभागात कुठलंच काम इतक्या लवकर होत नाही. हे झालं, कारण कठड्याला हमरस्त्याचा एकही सेकंद लागत नाही."

"पुन्हा उघडता येईल?"

"तिथे पुरेसे लोक ओलांडतात असं दाखवावं लागेल. नवी मोजणी करून."

"कठडा असताना कोण ओलांडणार? मी काय मोजू?"

"मी तुला नाही म्हणायला हवं होतं," इंजिनिअर म्हणाले. "प्रत मागायलाच नको होती."

तिने बाईंना सांगितलं. बाईंनी आदेश दोनदा वाचला. इतर कोणी असतं तर 'प्रकल्प तर छान झाला ना' म्हणून पाठीवर थाप मारली असती. बाई तसं म्हणाल्या नाहीत. "प्रश्न टेबलावर नेऊन ठेवायला मी तुम्हाला शिकवते," त्या म्हणाल्या. "टेबलापलीकडे काय होतं ते मला नीटसं माहीत नाही. मी कधी गेलेच नाही." त्यांनी कॉलेजच्या कागदावर पत्र लिहून सही केली, शिक्काही मारून आणला.

ते पत्र आणि एक निवेदन घेऊन बारकी सह्या गोळा करायला फिरली. ज्यांच्या सह्या सगळ्यांत जास्त हव्या होत्या ती माणसं आता तिथे यायचीच बंद झाली होती. निळ्या छत्रीवाली कुठे राहते हे चावीवाल्यालाही माहीत नव्हतं. तरी एकशे सतरा सह्या झाल्या. निवेदनाला पोच मिळाली, पोचेवर क्रमांक होता. आदेशावर हरकत घ्यायची तीस दिवसांची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती, हे पोच देणाऱ्याने सहज सांगितलं.

उत्तर यायला पाच महिने लागले. 'आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. क्रॉसिंग बंद केल्यापासून सदर ठिकाणी पादचाऱ्याचा एकही अपघात झालेला नाही, हे आपल्या निदर्शनास आणण्यात येते.'

त्या पाच महिन्यांत घरात काही मोठं घडलं असं म्हणता येणार नाही. सुरुवातीला बाबा दर रविवारी आत्याला टॅक्सीने पलीकडे न्यायचे. समोर दिसणाऱ्या इमारतीत जायला टॅक्सी आधी दोन किलोमीटर उलट्या दिशेने जायची, वळायची आणि परत यायची. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी बाबांना एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या शिवून द्यायच्या होत्या. सहाव्या रविवारी आत्याच म्हणाली, "राहू दे रे, पुढच्या वेळी बघू." त्यानंतर पुढची वेळ कोणी काढली नाही.

मग बारकी चिठ्ठ्या न्यायला लागली. आत्या सकाळी बसून लिहायची, बारकी कॉलेजला जाताना पूल चढून ती चिठ्ठी समोरचीला द्यायची आणि येताना उत्तर आणायची. समोरची मोठ्या, वाकड्या अक्षरांत चार ओळी लिहायची. आत्या त्या वाचून घडी घालून उशीखाली ठेवायची. पण रोजच्या तासाभराच्या ओरडण्याची भरपाई चार ओळींनी होत नव्हती, हे बारकीला दिसत होतं. आत्याचा आवाजच बसला. ती आता घरातही हळू बोलायची. पायाचं म्हणाल तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज चालत होत्या म्हणून टिकला होता. खोलीतून न्हाणीघरात जायलाही तिला आता भिंत लागायची.

बारकी चिठ्ठ्या पोचवायची, आणि तिला आत्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आदेशात कोणाचा आकडा आहे हे तिने घरात सांगितलं नव्हतं. बाबांना वाटत होतं की कार्यालयाने तिचा प्रकल्प फेकून दिला आणि आपल्या मनाचं केलं. ते शेजाऱ्यांना तसंच सांगायचे, आणि बारकी गप्प राहायची.

सरकारी उत्तर आलं त्याच आठवड्यात एक दिवस ती चिठ्ठी घेऊन गेली तर समोरचीच्या दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. "काल दुपारी भाचा आला होता," ती म्हणाली. "घेऊन गेला. एकट्या राहतात, कोणी येत नाही, जात नाही, म्हणाला. सामान सगळं टेम्पोत भरलं. त्या दोनदा खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, तुमच्या घराकडे बघत. हात केला असेल, मला दिसलं नाही."

"कुठे नेलं?"

"सांगितलं होतं त्याने. गावाचं नाव माझ्या डोक्यात राहिलं नाही बघ."

बारकी पुलाच्या बावन्न पायऱ्या चढली आणि बावन्न उतरली. घरी आली तेव्हा अकरा वाजले होते. आत्या खुर्चीत बसली होती. बारकीने तिला सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. न दिलेली चिठ्ठी परत तिच्या हातात ठेवली. आत्याने ती उघडली नाही. आत काय आहे ते तिला माहीतच होतं.

"काल दुपारी मी झोपले होते," आत्या म्हणाली. "खिडकीशी नव्हते."

बारकी तिच्या पायाशी जमिनीवर बसली. "आत्या, त्या ऑर्डरमधला आकडा माझा आहे. मी मोजलेला. त्यावरूनच त्यांनी बंद केलं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"बोर्ड लागला त्याच दिवसापासून. तू जेवली नव्हतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय उघडणार होतं?" ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला. "मला जरा पलंगापर्यंत ने. पडते थोडा वेळ."

बारकीने तिला उठवलं, नेलं, आडवं केलं, पांघरूण सारखं केलं. आत्याने तोंड भिंतीकडे केलं. ती रडत नव्हती. बारकी काही वेळ तिथेच उभी राहिली, काही सांगायला लागेल, पाणी मागेल म्हणून. आत्याने काही मागितलं नाही.

महिन्याभराने आईने दारातल्या आत्याच्या बाहेरच्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या. आत्याने त्या कुठे गेल्या असं विचारलं नाही.